पुंगळी

उद्यमनगरातले लेथ थांबले की
हिंदुरावकाका टेबलावर जुना टॉवेल अंथरतात
आणि रिकाम्या पुंगळ्या उभ्या करतात.
एकोणीस. विसावी गेल्या मंगळवारी मानेत चिरली.

बंदूक स्वित्झर्लंडची, काकांहून आठ वर्षांनी मोठी.
परवान्याच्या पुस्तकात तिचं नाव कारकुनानं चुकवलंय.
तिची गोळी इकडं मिळत नाही,
म्हणून झाडलेलीच पुन्हा भरायची:
पितळ चिंचेच्या कोळानं घासायचं,
तोंडाची कड नखानं चाचपायची,
गुजरीतल्या सोनारानं मोडीत काढलेल्या तराजूत
दारू तोलायची.
पंखा बंद. मीसुद्धा बोलायचं नाही.

"सोनं जास्त पडलं तर गिऱ्हाईक खूश," काका म्हणतात,
"हे जास्त पडलं तर डोळा जातो."

स्वतःच्या डाव्या डोळ्याचं ते काही सांगत नाहीत.

परवा दस्त्याच्या टाचेचा पत्रा उघडला, गंज बघायला.
आत घडी घातलेला कागद.
शाईचं नाव, गाव, पलटणीचा आकडा.
अल्बेर्ट एवढं लागलं,
बाकी अक्षरं आमच्या बापजन्मात लागणार नाहीत.
लाकडावर खालच्या अंगाला काळे डाग.
बर्फात टेकवून उभा राहत असेल, काका म्हणाले,
रात्र रात्र, कुणी न येणाऱ्या वाटेवर.

कागद होता तसाच परत ठेवला.
मग थांबून बिलबुकाचं पान फाडलं,
हिंदुराव चौगुले, गाळा नंबर चौदा, असं लिहून
त्याच्या शेजारी सरकवलं,
स्क्रू आवळले

आणि म्हणाले,
लाव आता पंखा.