बाद

बत्तीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये
छापून आलेले कागद तपासले.
शाई सरकलेली दिसली की बाजूला.
रेघ पुसट, बाजूला.
कोपऱ्यात केसाएवढी सुरकुती, तीही बाजूला.
बाजूला म्हणजे बाद, आणि बाद म्हणजे भुगा.
डोळ्यांना खोडच लागली.
लग्नाला गेले तरी नवरीच्या आधी
मांडवाची वाकडी झालर दिसायची.

आता गंगापूर रोडला, नदीकडच्या मैदानावर,
जानेवारीतल्या शनिवारी, स्टॉल नंबर त्रेचाळीस.
एका बाजूला टेराकोटाची कानातली,
दुसरीकडे पाच मिनिटांत चेहरा काढून देणारा पोरगा.
सगळ्यांना एकच नाक देतो, तरी रांग त्याच्याकडेच.
माझं टेबल केटरिंगवाल्याचं, त्यावर हळदीचा डाग,
डागावर ओढलेली जुनी नारायणपेठ.
वर दोरीला चिमट्यांनी टांगलेली
लिनोवर कोरून छापलेली चित्रं:
तांबटाचा हातोडा.
मिसळीच्या टेबलावर उरलेलं एकटं लिंबू.
शिफ्ट सुटताना गेटावरच्या सायकली.
दुतोंड्या मारुती, कमरेएवढ्या पाण्यात.
दीडशे रुपये. फ्रेमसकट चारशे.

"एवढ्याशा कागदाचे दीडशे?"
बाईंच्या हातातला मोमोचा द्रोण एकशे ऐंशीचा.
मी तो पाहिला, माझं पाहणं त्यांनी पाहिलं,
मग आम्ही दोघींनी नदीकडे पाहिलं.

एक जण म्हणाला, हे मशीनवर काढता ना?
म्हटलं, मशीनवर होते तेव्हा भाव कागदावरच छापलेला असायचा.
इथे तो मला तोंडाने सांगावा लागतो.

शेजारच्या शर्वाणीने क्यूआरचा पुठ्ठा लावून दिलाय.
कुणी पैसे दिले की डबी ओरडते,
अख्ख्या मैदानाला माझी कमाई कळते.
नोट मात्र सकाळपासून एकही नाही.
जिच्यामागे डोळे घालवले
ती माझ्या गल्ल्यात यायला तयार नाही.

चारच्या सुमाराला वारा सुटला.
चिमटे निसटले, सायकली थेट कानातल्यांत घुसल्या.
धावपळीत टेबलाखालचं खोकं कलंडलं
आणि चांगल्या चित्रांना दुमड पडू नये म्हणून
मध्ये मध्ये घातलेले बाद कागद
गवतावर पसरले.

त्यातला एक उचलला भांडीबाजारातल्या मोरेश्वर तांबटांनी.
नाव त्यांच्या पिशवीवरच छापलेलं.
दुतोंड्याच होता, पण रोलरवर शाई जास्त झालेली,
पाणी कमरेवरून चढून गळ्याशी.
"हा कितीला?"
"तो बाद आहे काका. हा घ्या, स्वच्छ आलाय."
स्वच्छ त्यांनी हातभर लांब धरून बघितला, परत दिला.
"ह्या पाण्यात आमची पायरीसुद्धा भिजत नाही."
मग बादवर, मारुतीच्या गळ्याशी अंगठा टेकवून,
"त्या साली इथपर्यंत.
पातेली तरंगत होती दुकानात, रात्रभर
एकमेकांवर आपटल्याचा आवाज.
वडील माळ्यावर बसून अंधारात मोजत होते,
ही कळशी गेली, हा हंडा गेला,
हा टोप आपला नव्हे."

मला शाई चुकली ती सकाळ आठवली.
गॅसवर दूध होतं, हातातला रोलर ठेवून आत पळाले होते.
दूधही उतू गेलंच.

"सही करा."
बादवर सही? हात पुढे होईना.
बाद कागदावर मी आजवर फक्त लाल फुली मारलेली.
पेन्सिल घेतली. आकडा काय घालावा कळेना,
चाळीसपैकी कितवा, हा तर मोजलाच नव्हता.
नुसतं नाव लिहिलं, खाली तारीख.

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढले,
शंभराची एक, पन्नासाची एक,
घडीवर कापडासारख्या मऊ झालेल्या.
मी दोन्ही आपसूक उजेडाकडे धरल्या.
"खऱ्या आहेत हो बाई," ते हसले.
"माहितीये," मी म्हणाले,
आणि तरी जरा वेळ धरूनच ठेवल्या.