सकाळी एक, रात्री एक

त्याचं नाव धोटा.
पिल्लू असताना पुढच्या दारातून मागच्या दारात
आणि मागच्यातून पुन्हा पुढच्यात
असा पळायचा, की नरसूबाई म्हणाली,
हे कुत्रं नव्हे, मागावरचा धोटा आहे.

तेव्हा माग चालू होते, दोन.
गेल्या वर्षी भंगारवाल्यानं किलोवर नेले.
फरशीत राहिले आठ बोल्ट, मोटरचा एक खळगा,
एक धोटा,
आणि मी.

जुळे सोलापूरला दवाखाना.
रिक्षावाला म्हणाला, कुत्र्याचे वीस जादा.
डॉक्टर शाबाद्यांनी मागचा पाय हळूच वाकवला,
खुब्यात कट् वाजलं.
माझा गुडघा पण असाच वाजतो, म्हणालो.
ते हसले नाहीत.
वंगण संपलंय, म्हणाले.
हे मला समजलं.
चाळीस वर्षं जॉबर होतो.
कोरडा बुश कसा ओरडतो
ते मला शिकवायला नको.

त्याच्या डबीवर सोनेरी केसांचा परदेशी कुत्रा,
हिरवळीवर, चारी पाय अधांतरी.
माझ्या डबीवर पांढऱ्या केसांचा माणूस
समुद्राकाठी पळतोय, दात सगळे शाबूत.
चष्मा लावून मागची बारीक अक्षरं जुळवली,
दोन्हींत औषध एकच:
ग्लुकोसामाईन.
खेकड्याच्या कवचातून काढतात,
असं मेडिकलवाला पोरगा म्हणाला,
आणि मी मूर्खासारखं ते घरी सांगितलं.
श्रावण लागलेला.
दोन्ही डब्या देवळीतून उठल्या
आणि न्हाणीतल्या फळीवर गेल्या, साबणाशेजारी.

त्याची डबी साडेआठशे. माझी सहाशे दहा.
पेन्शन अकराशे चाळीस.
हिशोब तुम्हीच करा.
मी रात्रीची गोळी सोडली.
कुणाला बोललो नाही.
त्याला मात्र दोन्ही वेळा,
दुधात भिजवलेल्या कडक भाकरीच्या तुकड्यात दडवून.

श्रावण, पण सोलापूरचा.
नऊ वाजता रस्ता तव्यासारखा.
म्हणून आम्ही पाचलाच निघतो,
साखर पेठेतून कन्ना चौकाच्या बाजूला.
आधी कोपऱ्यावरच्या डीपीपर्यंत जायचो,
मग पिठाच्या गिरणीपर्यंत,
मग एक दिवस चौक आला
आणि दोघंही जरा बावरलो,
आता पुढं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.
कारखान्याकडं निघालेल्या विडीवाल्या बायका म्हणाल्या,
व्यंकमामा, दोघंबी तरुण झालाव की!

मग परवा खळगा साफ करायला घेतला.
कापसाची जुनी पिंज, एक नट, सुताचा गुंता,
आणि खाली, ओळीनं नाही, पण जपून ठेवल्यासारख्या,
तेवीस गोळ्या.
चाटून गुळगुळीत झालेल्या.
भाकरी तेवढी खाल्लेली.

मी खाली बसलो. बसायला वेळ लागतो.
तो दारात उभा होता,
पकडल्यावर नवा कामगार उभा राहतो तसा,
भलतीकडं बघत.

फेरतपासणीला शाबादे म्हणाले,
फरक आहे. औषध चालू ठेवा.
होय, म्हणालो.

आता रात्री असं आहे.
मी त्याला भाकरी देतो आणि भिंतीकडं तोंड करतो.
तो खळग्याशी जातो, येतो.
नरसूबाई झोपली की मी उठतो,
गोळी धोतराला पुसतो,
आणि पाण्याबरोबर घेतो.
कोंबडीचा वास येतो. फार वाईट नाही.
श्रावणाचं माझं मी बघून घेईन.

त्याला तीन भाषा येतात.
गल्लीतली पोरं म्हणतात, ये.
दूधवाला हिरेमठ म्हणतो, बा.
पहाटे पट्टा हातात घेऊन मी म्हणतो, रा.
आधी कान उठतात.
मग पुढचे पाय.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी घाई करत नाही.
माझाही एक हात अजून जमिनीवरच असतो.