ओटा

घणसोलीत, सहाव्या मजल्यावर,
टिपणीसकाकांनी पिशवीतून यंत्र काढलं,
निवृत्तीनंतरही जवळ बाळगलेलं,
आणि आमच्या ओट्यावर ठेवलं.
तांबडा ग्रॅनाइट. दुकानदार म्हणाला होता, डाग धरत नाही.
टिक. टिक टिक. टिक.
पाल चुकचुकावी तसं.

"घाबरू नका. थोडंफार मातीतही असतं, आपल्या हाडांतही.
पण दगडातून, राखेच्या विटांतून
एक वायू झिरपतो. रंग नाही, वास नाही.
तो निघून जातो,
त्याची पिल्लं फुप्फुसात बसून राहतात.
एसी कमी लावा. खिडकी उघडी ठेवा."

मग दार आपटू नये म्हणून लावलेल्या
काळ्या दगडापाशी ते वाकले.
तुर्भ्याच्या खाणीतला.
बाबांनी फोडलेल्यांतला शेवटचा.
यंत्र जवळजवळ गप्प.
"आपला कातळ शांत," काका म्हणाले,
घरच्या माणसाबद्दल बोलावं तसे.

शांत.
याच कातळाची भुकटी
यल्लाप्पा अलकुंटे बावीस वर्षं
छातीत साठवत होते.
एक्स-रे पांढरा आला तेव्हा
मुकादम म्हणाला, बिड्यांनी.
तेव्हा कुठेच काही टिकटिकलं नव्हतं.

काका गेल्यावर मी खिडकी उघडली.
समोर नवा टॉवर चढतोय,
लाद्या कापणारा पोरगा, तोंडाला गमछासुद्धा नाही.
धूळ आत आली
सावकाश, पिठाच्या हाताने,
ओट्यावर बसली.

फडकं ओलं करून मी पुसते आहे.
खरंच,
डाग धरत नाही.