बाराच्या भावात

पुंता अरेनासमध्ये थंडी विकणारा माणूस
हा मुळातच विनोद आहे.
बाहेर चार अंश, वारा असा की
शेडचं दार उघडायला दोघं लागतात,
आणि मी, बाल्दोमेरो बारिया, बत्तीस वर्षं
लोकांच्या खोल्या आणखी गार करून देतोय.

आज ओंदिना नावेल्कीनची शीतखोली बंद पडली.
आत नऊशे किलो खेकडे,
लाल, काटेरी, पाय दुमडून,
सभेला वेळेआधी येऊन बसल्यासारखे.
कॉम्प्रेसर जळलाय.
‘तोच गॅस भर,’ ती म्हणाली, ‘स्वस्तातला.
हंगाम अजून चार आठवडे आहे.’

तोच.

मी शिकाऊ होतो तेव्हा बारा नंबरचा गॅस होता.
दुरुस्तीआधी नळ्या रिकाम्या करायच्या म्हणजे
मागच्या अंगणात जाऊन झडप उघडायची.
शीळ वाजायची. बारीक, लांबलचक.
उस्ताद मातेचा पेला माझ्या हाती देऊन म्हणायचा,
‘वास नाही, विष नाही, पेटत नाही.
याच्याइतका सज्जन गावात कोणी नाही.’
झडपेच्या तोंडावर बर्फाची मिशी उगवायची
आणि आम्ही हसायचो.
किती किलो सोडला, कोण मोजतंय?
सगळा बाराच्या भावात गेला.

मग एका वसंतात शाळेची चिठ्ठी आली:
मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडणार नाही.
माझी धाकटी बहीण इर्मा,
तिच्या कानांच्या पाळ्या सोलल्या,
तेही ढगाळ दिवशी.
चौकात सिग्नल लागला, गाड्यांसाठी नव्हे,
उन्हासाठी:
हिरवा, पिवळा, लाल, आणि लालच्याही पुढचा जांभळा.
आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार,
असं लोक म्हणायचे.
माझ्या एका झडपेनं ते फाटलं नाही, कळतं मला.
पण फाटतानाचा आवाज
मला तोंडपाठ होता.
इर्माला हे अजून सांगितलेलं नाही.

पुढे बावीस आला. मग चारशेचार.
एजंट म्हणाला, आता आभाळाला धक्का नाही.
खरंच नाही.
फक्त एक किलो सुटला
तर चार हजार किलो धुराइतकी ऊब मागे ठेवतो.
आगीतून फुफाट्यात,
तेही इस्त्रीचे कपडे घालून.

हे सगळं ओंदिनाला मी सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, ‘तोच भरणार नाही.’
‘मग?’
‘प्रोपेन. तू ज्यावर रस्सा शिजवतेस तोच.’
‘म्हणजे पेटेल.’
‘पेटतो. म्हणून लहान लहान यंत्रं, प्रत्येकात मूठभर गॅस,
गळती हुंगणारा डबा, ठिणगी न पडणारी बटणं.’
‘दुसरा?’
‘सोड्यातल्या बुडबुड्यांचा. पण त्याचा दाब
तुझ्या जुन्या नळ्यांना सोसणार नाही. सगळं नवं घ्यावं लागेल.’
‘बिनदोषाचा एखादा नाही का रे?’
‘होता,’ म्हटलं. ‘बारा नंबरचा.’

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
मला वाटलं, पैसे.
‘इर्मा माझ्याच बाकावर बसायची,’ ती म्हणाली,
‘आम्ही वर्गातसुद्धा टोप्या काढत नव्हतो.’
मग लगेच, व्यापाऱ्याच्या आवाजात:
‘प्रोपेन. तीन हप्ते. आणि डबा तू फुकट लावायचा.’
डब्यावर आमचं अर्धा तास भांडण झालं.
मी हरलो.

खेकडे शेजारच्या गुदामात हलवले.
जुना गॅस पंपानं ओढून सिलिंडरमध्ये भरला.
थेंब थेंब, दोन तास, शीळ नाही.
वजन केलं: अकरा किलो सहाशे.
आयुष्यात पहिल्यांदा नाही, पण
पहिल्यांदाच आकडा वहीत दोनदा लिहिला.
हा आता उत्तरेला जाईल, बोटीनं,
कुठल्यातरी भट्टीत नष्ट व्हायला.
त्याचं भाडंही माझ्याच खिशातून.

सिलिंडर मागे उभा बांधायचा असा नियम आहे.
मी शेजारच्या सीटवर बसवला, पट्टा लावला,
काच खाली केली.
चौकातला सिग्नल हिरवा होता.
इर्माच्या घरापाशी गाडी हळू केली.
खिडकीत दिवा होता.
वारा आत येऊन दोघांमध्ये बसला.
तो गप्प. मीही.