शाई आणि व्हिनेगर

घणसोलीच्या रोपवाटिकेतून हिराजी मढवीनं
दोन काळ्या पिशव्या पाठवल्या. दोन्हींत बकूळ,
एकाच झाडाच्या बिया, एकाच दिवशी पेरलेल्या.
सोबत बिलाच्या पाठीवर लिहिलेलं:
"मॅडम, खताचा रोप उंच हाय, डोंगरमातीचा बुटका.
पन पाम बीचच्या दुभाजकात उंचवालाच पयला मरतो.
बगून सांगा."

वाशीच्या कॉलेजात शनिवारी कोणी नसतं.
मुळं उकळली, धुतली,
व्हिनेगरमध्ये पेनाची काळी शाई टाकून बुडवली,
पोह्यांच्या डब्याशेजारी. मग काच.

बुटक्याच्या मुळात गर्दी होती.
शाई प्यायलेले धागे पेशीपेशीतून गेलेले,
आणि पेशीच्या आत, खरंच, झाड:
खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या,
केसाहूनही बारीक.

ही घुसखोरी नव्हे.
स्फुरद कमी पडलं की मूळ मातीत एक रसायन सोडतं,
बोटभरही लांब जात नाही ते,
पण बुरशी तेवढ्यावर वळते.
ती दाराशी पोचायच्या आधीच
पेशी स्वतःच्या अंगातून वाट आखून ठेवते.
आत घेते, तरी मध्ये पडदा धरते;
साखर, तेल, स्फुरद, सगळी देवघेव पडद्याआडून.
आणि जी फांदी रिकाम्या हातानं येते
तिला चार दिवसांत विरघळवून टाकते.
बोलत काही नाही.

उंचाचं मूळ मात्र स्वच्छ.
शाई धरायला आत कुणी नव्हतंच.
मी तीन काचा पुन्हा केल्या,
माझीच चूक असेल म्हणून.
चूक नव्हती. पोट भरलेलं,
वर पानांतून निरोप आलेला: पुरे.
हिशेब बरोबरच होता त्याचा,
पिशवीपुरता.
दुभाजकाबद्दल त्याला कोण सांगणार?

हिराजीला फोन केला. म्हटलं, मूठभर नको,
चिमूटभर घाला, थोडं उपाशी राहू द्या.
तो हसला. "ठेकेदार फुटावर पैसं देतो, मॅडम."
मागे टँकरचा पाइप चालू होता.

बेसिनमध्ये पाणी बराच वेळ काळं वाहत राहिलं.
मग बुटक्याच्या पिशवीतली दोन चमचे माती
उंचाच्या बुडाशी घातली. खत नाही, नुसतं पाणी.
त्याला भूक लागायला किती दिवस लागतात
ते मोजायचं म्हणून
खिडकीच्या चौकटीवर तारीख लिहिली.
उरलेल्या शाईनंच.