अळंब्यांची जागा

एस्टोनियात, व्होरूच्या बाजूला, सप्टेंबर लागला की
कुणी कुणाला खरं सांगत नाही.
कुठून आणल्यास एवढ्या पिवळ्याधमक अळंब्या?
'जंगलातून,' म्हणतात,
आणि टोपलीवर फडकं ओढतात.

मी दारोदार प्रश्नावली घेऊन हिंडते.
प्रश्न सातवा: तुमच्या फोननेच जर
तुम्हाला हलकेच कोपर लावलं,
'हे ॲप आज चाळीसदा तुमचा ठावठिकाणा विचारून गेलं,
दार लोटून घेऊ का?'
तर आवडेल, चालेल, की राग येईल?

लाकडाच्या गिरणीतला आडो म्हणाला, आवडेल की.
बायको तेच करते टेबलाखालून
मी पाहुण्यांसमोर फार बोलायला लागलो की.
लीलो बाई शाळेतून नुकत्याच आलेल्या, त्या उखडल्या:
आज दार लोटू का, उद्या म्हणेल नाक पुसू का.
आम्ही काय कुक्कुली बाळं?
एका पोराने 'चालेल'वर खूण केली,
मान वर न करता.

हेल्वेने चहा दिला, खारवलेल्या अळंब्या दिल्या,
जागा दिली नाही.
लेकीलाही नाही सांगितलेली, म्हणाली,
मरताना सांगेन, शुद्ध असली तर.
तिच्या फोनमध्ये टॉर्चचं एक ॲप आहे, फुकटचं,
पहाटे जंगलात पायाखालचं दिसावं म्हणून.
मी सेटिंग उघडून दाखवलं.
ठावठिकाणा: कायम.

चहा गार झाला.
'म्हणजे ह्याला सगळं ठाऊक?
ओढ्यापलीकडची, पडक्या बर्चजवळचीसुद्धा?'
आणि तिने जीभ चावली.

मग माझ्याकडे बघत राहिली,
मी कुणाची आहे ते ताडत.
'कोपर चालेल गं मला,' म्हणाली,
'पण आधी सांग, कोपर कुणाचं?
आमच्या तरुणपणी इथे शेजाऱ्याचं कोपरसुद्धा
शेजाऱ्याचं नसायचं.'

शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात:
माझी उत्तरं पुढे वापरायला हरकत नाही.
चौकटीत खूण आधीच छापलेली.
त्र्याहत्तर घरं झाली, कुणी तिकडे पाहिलं नव्हतं.
मीसुद्धा.
हेल्वेने चष्मा पुसला
आणि पेन कागदातून आरपार जाईल अशी
ती खूण खोडली.

ओढ्याचं मी अहवालात लिहिलं नाही.
बस गावाबाहेर पडली तेव्हा
खिशात माझा फोन थरथरला:
आत्ता होतात ती जागा कशी वाटली?
पाचपैकी किती तारे?