सहाशे पौंड

गाई विकल्या. बँकेचं दिलं, दाताच्या डॉक्टरचं दिलं,
उरले ते बावीस हजार डॉलर.
वर्लिन म्हणाला, आता चाकांवरचं घर घेऊ.
मी म्हटलं, घे की.
पण तुझ्या बापाचा ट्रॅक्टर कोण ओढणार?

तो ट्रॅक्टर हिरवा. चालू व्हायला अर्धा तास,
बंद व्हायला त्याची मर्जी.
ऑगस्टभर गावोगावच्या जत्रांत तो उभा राहतो
आणि त्याच्याशेजारी वर्लिन,
दोघांनाही तेल लागतं, दोघांचाही धूर होतो.

पहिली गाडी यँक्टनला पाहिली.
पडदे नवे, उंदरांचा वास जुना.
वर्लिनने छताला अंगठा लावला,
अंगठा आत गेला, भिजल्या पावात जावा तसा.
आभार मानून निघालो.
त्यांचं कुत्रं फाटकापर्यंत पोचवायला आलं,
तेवढंच काय ते प्रामाणिक.

दुसरी चकाकत होती.
विकणारा पोरगा ट्रेंट, दात पांढरे, बूट त्याहून पांढरे.
"काय वाटेल ते ओढेल," म्हणाला, "दहा हजार तर सहज."
मी मागच्या बंपरखाली शिरले,
सदुसष्टीच्या बाईने शिरू नये तिथे,
आणि रुमालाने चिखल पुसला.
पट्टीवर कोरलेलं होतं: पाच हजार.
लोखंडाला कमिशन मिळत नाही.

तिसरी बर्नाडीन कोलारची.
ओनीलच्या पुढे नऊ मैल, खडीच्या रस्त्याला.
सव्वीस वर्षांची, डिझेल, इंजिन पाठीमागे,
पडद्यांवर कोंबडे.
मी न विचारताच तिने टॉर्च आणून दिला.
आकड्याखाली: दहा हजार.
टायर दिसायला छान, पण बाजूवरचे चार अंक वाचून
वर्लिन गप्प झाला. अकरा वर्षांचे.
अठ्ठावीसशे तिने तिथल्या तिथे सोडले
आणि आतून एक वही आणली.
प्रत्येक तेलबदल, प्रत्येक पट्टा, निळ्या शाईत,
आणि मध्येच एका ओळीत:
आज एमिलने घाट मला उतरवू दिला. एकदाही ओरडला नाही.

एमिल आता गावातल्या वृद्धाश्रमात.
"मला ओळखतो कधी, कधी नाही.
हिचा हॉर्न मात्र ओळखतो," ती म्हणाली.
"ब्रेक दाबलात की ही जरा डावीकडे जाते.
रागावू नका, नुसता हात घट्ट ठेवा."
ती गाडीबद्दल बोलत होती, बहुतेक.

पैसे मोजण्याआधी वजन.
गहू मोजायच्या काट्यावर सगळी वरात नेली,
टाकीत पाणी, कपाटात भांडी, ट्रॅक्टर साखळ्यांत.
काट्यावरच्या मुलाने चिठ्ठी फाडून दिली:
गाडी तेवीस हजार सातशे,
मागचं ओझं आठ हजार नऊशे.
आणि चालकाच्या डोक्यावरची पट्टी सांगत होती,
दोघं मिळून बत्तीस हजार. त्यापुढे नाही.

सहाशे जास्त.

रात्री टेबलावर आम्ही संसार उलटापालटा केला.
बिडाचा तवा. माझं शिलाईचं मशीन.
त्याच्या पान्यांची पेटी, जिला तो हात लावू देईना.
माझी पुस्तकं, जी तो आधीच खोक्यात भरत होता.
चाळीस वर्षांत झालं नाही एवढं भांडण
दीडशे पौंडांपर्यंत आलं आणि थांबलं.

पहाटे मीच उठून बसले.
पाणी.
पंचाहत्तर गॅलन, गॅलनला आठ पौंडांहून थोडं वर.
कागदावर गुणाकार केला, परत केला,
वर्लिनला हलवलं. तो म्हणाला, बावीस पौंड उरतात.
मी म्हटलं, त्यात तवा येतो.

आता आम्ही कोरडे निघतो.
वाटेत तोंड धुवायला पेट्रोलपंप, चहाला थर्मास.
चढावर वर्लिन इंजिनाशी हळू बोलतो,
उतारावर मी, दोन्ही हात घट्ट.
ओनीलवरून जाताना हॉर्न दोनदा वाजवतो,
कुणी ऐकतं का, माहीत नाही.

जत्रेत पोचलो की पोरं ट्रॅक्टरकडे धावतात,
म्हातारे टोप्या काढून त्याच्याभोवती उभे राहतात.
मी गुंडाळलेला पाइप खांद्यावर टाकते
आणि पहिल्या भेटेल त्याला विचारते,
नळ कुठाय?